स्वेच्छेने

फलकावर इतिहासाला चार ओळी मिळाल्या होत्या. निसर्गाला एकोणीस, मनोरंजनाला अकरा. हे मोजलं नानांनी. एकतीस वर्षं धरणावर पाण्याची पातळी वाचण्याची नोकरी केल्यामुळे, कागदावरच्या ओळी आधी मोजल्याशिवाय त्यांना मजकूर वाचताच येत नसे.

मंगळवार असल्यामुळे बोट क्लब बंद होता. हंसाच्या आकाराच्या पेडल बोटी माना एका दिशेला करून साखळीने बांधून पडल्या होत्या. पाणी यंदा फारच मागे गेलं होतं. धक्क्याच्या शेवटच्या पायऱ्या सरळ चिखलात उतरत होत्या, आणि त्यापलीकडे ‘खोल पाणी, सावधान’ ही पाटी कोरड्या जमिनीत उभी होती.

कँटीनच्या पत्र्याखाली चौघं बसली होती. बोटवाल्याने, म्हणजे नानांच्या मुलाने, फलकाचा नमुना टेबलावर पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले होते. नाना एका बाजूला, आई स्टोव्हजवळ, आणि समोर आत्या. आत्या दोन बस बदलून आली होती आणि पर्स मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. ती आणि तिचा भाऊ एका टेबलाशी बसल्याला बारा वर्षं झाली होती. मागच्या वेळी ती दोघं बसली तेव्हा बोटवाल्याचं लग्न होतं, आणि तेव्हाही मध्ये दोन पाहुणे बसवले होते.

“पाणकावळ्याचं नाव दिलंय,” आत्या चष्म्यातून बघत म्हणाली. “टिटवीचं दिलंय. खाली इंग्रजीतसुद्धा दिलंय. गावाचं नाव कुठंय?”

“साहेब म्हणाले, लोक पक्षी बघायला येतात,” बोटवाला म्हणाला.

“आणि गाव?”

“गाव दिसत नाही ना, आत्या.”

“पाणकावळा तरी कुठं दिसतो? निम्मा वेळ पाण्याखालीच असतो.”

बोटवाला हसला. त्याला हसणं भागच होतं. क्लबचा परवाना पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवून देताना पाटबंधारे खात्याने अट घातली होती, की क्लबने किनाऱ्यावर माहिती फलक उभारावा आणि त्यावर जुन्या गावाचं छायाचित्र असावं. जुन्या गावाचं छायाचित्र जगात एकच उरलं होतं. ते आत्याच्या पर्समध्ये होतं. तिचा नवरा फोटोग्राफर होता, आणि त्याच्या हयातभराच्या कामातली तेवढी एकच चौकट कोरडी राहिली होती.

आत्या इतिहासाच्या चौथ्या ओळीवर आली. बोट ठेवून तिने ती मोठ्याने वाचली, शाळेत वाचतात तशी.

“‘जलाशयाच्या निर्मितीसाठी येथील ग्रामस्थांनी स्वेच्छेने स्थलांतर केले.’”

आईने स्टोव्हची वात उगीच कमी केली.

“हा शब्द काढा,” आत्या म्हणाली. “मग फोटो देते.”

“कुठला शब्द?” नानांनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

“तुला पाठ असेल तो, दादा. तुझ्याच खात्याचा आहे.”

बोटवाल्याने इथे एक चूक केली. वडील आणि आत्या दोघांना एकाच वेळी खूश ठेवण्याची त्याची जुनी सवय होती, आणि अशा माणसाच्या हातून व्हायची तीच चूक झाली. त्याने मधल्या मध्ये कागदपत्र काढलं.

“आत्या, मी साहेबांना म्हटलं होतं, काढा म्हणून. ते म्हणाले, शब्द आमचा नाही, तुमच्या लोकांनी दिलेल्या संमतीपत्रांतला आहे. काढायचा तर तुमच्यापैकी कुणीतरी लिहून द्या की संमती स्वतःच्या मर्जीने दिली नव्हती. हे बघ, आपल्या घराची झेरॉक्स त्यांनी दिलीय.”

त्याने ती फलकावर, नेमकी खंड्या पक्ष्यावर ठेवली. घर दोघा भावंडांच्या नावावर होतं, म्हणून खाली दोघांच्या सह्या होत्या. दोन्ही एकाच हाताच्या. दुसरीच्या पुढे, बारीक अक्षरात, ‘बहिणीच्या वतीने’.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग तिने झेरॉक्स उलटी केली, मागे काही आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा सुलटी केली.

“सुंदर अक्षर आहे,” ती म्हणाली. “माझं एवढं चांगलं कधीच नव्हतं.”

*

नानांना राग आला होता. अक्षराला नावं ठेवली असती तर तो आला नसता.

त्यांच्या आयुष्यात अभिमान बाळगण्याजोगी गोष्ट एकच होती. दिवसातून तीन वेळा, एकतीस वर्षं, त्यांनी पातळीची नोंद केली होती आणि त्यातली एकही खोटी नव्हती. पाऊस असो, ताप असो, ते स्वतः मोजपट्टीच्या खांबापर्यंत जात. बाकीचे लोक केबिनमध्ये बसून कालच्या आकड्यात बोटभर घालून लिहीत. नानांना खात्याने याबद्दल कधी काही दिलं नाही, त्यामुळे ती गोष्ट पूर्णपणे त्यांच्या मालकीची राहिली होती.

“वतीने म्हटलंय तिथे,” ते म्हणाले. “लपवलेलं नाही काही. तू निरोप पाठवलास, म्हणून केली सही. नाहीतर केली नसती.”

“कसला निरोप पाठवला मी?”

“विसरलीस?”

“मी? मी विसरले असते तर आज बसचं भाडं वाचलं नसतं का?”

“तू फोन केलास ऑफिसात. हिने घेतला,” नानांनी आईकडे न बघता हात केला. “ही केबिनवर आली आणि म्हणाली, वन्संचा निरोप आहे, घरावर पाणी सोडलंय.”

“बरोबर,” आत्या म्हणाली. “हाच निरोप.”

“मग झालं तर.”

“काय झालं? मी निरोप दिला, आणि तू आला नाहीस. एकेचाळीस वर्षं मी हेच म्हणतेय.”

“कशाला येऊ? तीन दिवस आधी मी येऊन हातापाया पडलो तेव्हा तू मला उंबऱ्यातून हाकललंस. म्हणालीस, मेले तरी हक्क सोडणार नाही. मग तिसऱ्या दिवशी निरोप येतो, पाणी सोडलं घरावर. मला वाटलं, डोकं थंड झालं हिचं. सोडला हक्क. त्याच दुपारी जाऊन सही केली, तुझं मन पुन्हा फिरायच्या आत.”

आत्याने चष्मा काढला.

“दादा,” ती सावकाश म्हणाली, “मी पाण्याबद्दल बोलत होते.”

“म्हणजे?”

“पाण्याबद्दल. ओल्या. तुमच्या लोकांनी आमच्या घरावर पाणी सोडलं होतं. ओसरीवर आलं होतं ते.”

नानांच्यातला जुना कर्मचारी जागा झाला, आणि तो नेहमीच भावाच्या आधी बोलत असे.

“पण तसं होत नाही,” ते म्हणाले. “पाणी सोडतात ते भिंतीच्या खालच्या अंगाला. तू वरच्या अंगाला होतीस. वरच्या अंगाला पाणी सोडत नाहीत, अडवतात. दरवाजे बंद केले की तुमच्याकडे फुगवटा चढतो. त्याला कोणी पाणी सोडलं म्हणत नाही.”

“माझ्या चुलीत पाणी शिरलं होतं. मी काय वरचं अंग, खालचं अंग बघत बसणार होते?”

“तू ‘पाणी चढलं’ म्हणाली असतीस तर मला कळलं असतं.”

“पुढच्या वेळी म्हणेन.”

“अगं, मला खरंच वाटलं नाही. धरणावरच्या कुठल्याही माणसाला वाटलं नसतं. वरच्या अंगाच्या घरावर पाणी सोडलं, याचा अर्थ एकच निघतो. हक्क सोडला.”

आधी बोटवाला हसला. चुकून हसला आणि लगेच खोकला. पण तेवढ्यात आत्याच्या तोंडातूनही काहीतरी निसटलं होतं, आणि ते हसण्याच्याच जातीचं होतं.

“म्हणजे माझं घर पाण्यात गेलंच नाही,” ती म्हणाली. “एका क्रियापदात गेलं.”

नाना हसले. दात कमी असल्यामुळे ते हसले की लहानपणच्यासारखे दिसत. बोटवाल्याने दोघांना बघितलं आणि त्याला परवाना जवळजवळ हातात आल्यासारखा वाटला. ‘बघा म्हणजे’, ‘एवढंसं होतं’, ‘आधीच बोलला असतात तर’ अशी वाक्यं तो मनात जुळवू लागला. मधली चार दशकं कुणी गैरहजर नव्हतं, फक्त बोलत नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

“चहा टाक गं,” नाना आईला म्हणाले. बहिणीसाठी त्यांनी बायकोला असा हुकूम बऱ्याच वर्षांनी सोडला होता.

*

आईने चहा टाकला. गाळणं धुतलेलं होतं, तरी तिने ते पुन्हा धुतलं.

धरणाच्या वसाहतीत फोन एकच होता, ऑफिसात. तिथून नानांच्या केबिनपर्यंत चारशे पावलं. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि कडेवर तीन वर्षांचा बोटवाला होता. फोनवर वन्संनी दोन वाक्यं सांगितली होती. घरावर पाणी सोडलंय. त्याला सांगा, गाडी घेऊन आजच्या आज ये, पेट्या माळ्यावर आहेत.

अर्थ तिला लगेच कळला होता. ती खात्यात नोकरीला नव्हती, त्यामुळे वरचं अंग, खालचं अंग तिच्या डोक्यातच आलं नाही.

नाना तेव्हा रोजंदारीवर होते. कायमची ऑर्डर त्या आठवड्यात निघणार होती. साहेबांनी दोनदा विचारलं होतं, तुमचंच घर अजून रिकामं कसं नाही. खात्याची गाडी मागायची म्हणजे साहेबांना सांगायचं, की नाही साहेब, बहीण अजून आतच आहे. त्या चारशे पावलांत कुठेतरी दुसरं वाक्य गळलं. गळलं, असं ती पहिली काही वर्षं स्वतःला सांगत असे. पुढे तेही थांबवलं. केबिनच्या दारात पोचल्यावर तिने एकच वाक्य सांगितलं, आणि नवऱ्याचा चेहरा खुलला तेव्हा त्याला काय वाटलं तेही तिच्या लक्षात आलं. एक शब्द बोलली असती तर तो चेहरा बदलला असता. ती म्हणाली, डबा आणू का.

आता मागे ती दोघं हसत होती. आईला वाटलं, हसू दे. क्रियापदावर भागत असेल तर भागू दे.

“पण थांब,” मागून आत्याचा आवाज आला. “मी एवढंच नव्हते बोलले.”

*

आत्याचं हसू अर्ध्यावर थांबलं होतं, कारण तिला भीती वाटली होती.

तिचा नवरा गावातल्या प्रत्येकाला ओळखत असे तो काचेतून. लग्नं, बारशी, म्हातारी माणसं मरायच्या आधी. सगळ्यांच्या निगेटिव्ह सात पेट्यांत माळ्यावर होत्या. त्या दिवशी ती दोघं संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत बसली, की गाडी येईल. दादा आहे, त्याचंच खातं आहे, येईल. स्वतः उचलून काढल्या त्या दोन, आणि त्याही चढावर उलटल्या. नंतर त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. बावीस वर्षं एका थिएटरात तिकीट खिडकीवर बसला आणि लोकांचे फक्त हात बघत राहिला.

एवढं सगळं व्याकरणात बसवायचं म्हणजे ते कुणाच्याच अंगावर येत नव्हतं. आत्याला हे परवडणारं नव्हतं. रागावरच ती इतकी वर्षं ताठ चालत आली होती.

“दोन वाक्यं होती,” ती म्हणाली. “दुसरं होतं, गाडी घेऊन आजच्या आज ये, पेट्या माळ्यावर आहेत. हक्क सोडणारी बाई गाडी कशाला मागवेल, दादा?”

“वहिनी,” आत्या वळली. “फोन तुम्ही घेतला होतात.”

“लाईन खराब असायची तेव्हा,” आई गाळण्याकडे बघत म्हणाली.

“मला तर तुमचं सगळं नीट ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, हो वन्सं, सांगते.”

बोटवाला उठून उभा राहिला आणि कुठे जायचं ते न सुचून पुन्हा बसला. मघापर्यंत तो आत्याच्या बाजूने होता, मग काही मिनिटं सगळ्यांच्या. आता त्याला आईची पाठ दिसत होती, आणि ती पाठ त्याला नवी होती.

नानांनाही तीच पाठ दिसत होती. पाणी उतरून गेलं तरी खांबावर ओल राहते, आणि ते कुठवर आलं होतं हे त्या ओलीवरून सांगता येतं. नानांनी आयुष्यभर तेच काम केलं होतं. आईचे खांदे कानांपर्यंत चढले होते, आणि चहा उतू गेला तरी तिचा हात हलला नाही.

“मिळालं होतं,” नाना म्हणाले.

“काय?”

“दुसरं वाक्य. हिने दोन्ही सांगितली होती.”

आत्याने चष्मा पुन्हा लावला. “मग आत्ता एवढा वेळ ते वरचं अंग, खालचं अंग काय होतं?”

“ते बनवत होतो.”

“आला का नाहीस?”

नानांना बनवाबनवीची सवय नव्हती, म्हणून ते जरा थांबले. “ऑर्डर निघायची होती माझी. कायमची. गाडी मागितली असती तर साहेबांना कळलं असतं, की माझंच घर रिकामं नाही. रोजंदारीवरच राहिलो असतो.”

स्टोव्हजवळ आईने डोळे मिटले. तिने कधी कुणाला न सांगितलेलं कारण, एक कानामात्रा न बदलता, नवऱ्याच्या तोंडून बाहेर आलं होतं.

“हं,” आत्या म्हणाली. खुर्चीत ती जरा सैल झाली. “मला माहीतच होतं.” हरवलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळाल्यावर माणूस बोलतो, त्या आवाजात.

“लिहून देतो,” नाना म्हणाले.

“दे.”

“नाना, एवढं सगळं लिहायची गरज नाही,” बोटवाला घाईने म्हणाला. “साहेबांना फक्त संमतीपुरतं हवंय.”

“कागद दे.”

त्यांनी लिहिलं. वर तारीख घातली, सवयीने वेळही घातली. मग वाचून दाखवलं. बहिणीच्या नावाची संमती तिला न विचारता मी दिली. मदतीसाठी यावे असा तिचा निरोप मला त्याच दिवशी पूर्ण मिळाला होता. मी गेलो नाही. खाली सही, आणि सहीत कुठे थरथर नव्हती.

आत्याने कागद दोनदा वाचला, पर्स उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढला. घर, समोर अंगण, माणूस एकही नाही. नवी लेन्स आणली तेव्हा तपासायला काढलेला होता. पायरीवर मात्र कुणाच्या तरी चपला होत्या.

बोटवाल्याने फोटो आणि कागद दोन्ही मोबाईलवर साहेबांना पाठवले. उत्तर लगेच आलं.

“काढतो म्हणतात. आता वाक्य असं, ‘ग्रामस्थांनी स्थलांतर केले.’”

“केले नाही,” आत्या म्हणाली. “केले म्हटलं की पुन्हा तेच.”

“आत्या, आता आणखी नको ना.”

“विचार त्यांना.”

त्याने विचारलं. “‘ग्रामस्थांचे स्थलांतर करण्यात आले.’ हे चालेल का म्हणतात.”

“कुणी केलं ते कळतं का त्यात?”

“नाही.”

“मग सरकारी भाषेत ते बरोबर असणार,” आत्या म्हणाली आणि उठली. “सोड मला स्टँडवर. तीनची गाडी चुकली की पाचची.”

जाताना ती भावाशी बोलली नाही. वहिनीपाशी मात्र थांबली, आणि तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “उगाच तुमच्यावर संशय घेतला. मनात ठेवू नका.”

आई म्हणाली, “नाही, वन्सं.”

*

मोटारसायकलचा आवाज वळणाआड गेला. टेबलावर फलक तसाच पसरलेला होता. नानांनी त्याची गुंडाळी केली, रबर लावलं आणि खुर्चीत नीट टेकून बसले.

“तुम्ही खोटं लिहून दिलंत,” आई म्हणाली.

“कुठलं?”

“मी तुम्हाला एकच वाक्य सांगितलं होतं.”

नाना पाण्याकडे बघत होते. “वारा पडलाय,” ते म्हणाले.

“मला विचारा तरी, का नाही सांगितलं.”

“कागद गेला. आता तेच खरं.”

“मी सांगते ना.”

“नको.”

तिच्याकडे उत्तर तयार होतं, एकेचाळीस वर्षं तयार होतं. घासून घासून ते इतकं छोटं झालं होतं, की एका श्वासात सांगता आलं असतं: तुमच्यासाठी केलं. मुलासाठी केलं. ते ऐकून तो ओरडला असता, किंवा उठून गेला असता, आणि काहीतरी संपलं असतं. आता ते त्याने स्वतःच्या नावावर लिहून दिलं होतं आणि तिच्याकडे काहीच उरू दिलं नव्हतं.

“म्हणजे उरलेली वर्षं मी तुमच्या उपकारात काढायची?”

“कशी काढायची ते तू बघ,” नाना म्हणाले. “चहा आहे का अजून?”

मघाचा चहा उतू गेला होता आणि कुणीच तो प्यायलं नव्हतं. तिने भांडं विसळलं, नवं आधण ठेवलं. साखरेच्या डब्याशी तिचा हात थांबला.

“साखर किती घालू?” तिने विचारलं.

अठ्ठेचाळीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. नानांनी नवल दाखवलं नाही.

“एक चमचा,” ते म्हणाले, आणि पाहुणा म्हणतो तसं पुढे म्हणाले, “त्रास नसेल तर.”